कुलूप कुणी काढलं?

“माझं पोरगं मेलंय म्हणून कुणी सांगितलं? त्याला म्होरं आण!”

धोंडुबाईनं काउंटरवर हात आपटला. मागं व्हीलचेअरवर तिचा पोरगा आबा धापा टाकत होता, पाय सुजून टम्म. शनिवारी तो डायलिसिससाठी कागलहून आला, तेव्हा कॉम्प्युटरमध्ये ह्या नावाचा माणूस मयत दिसतोय म्हणून काउंटरवाल्यानं परत पाठवला. त्याची पाळी दुसऱ्याला दिली होती. आज सोमवार. डॉक्टरीणबाईंनी एकदा बघितलं आणि ओरडल्या, “नावाचं मागनं बघा! आधी मशीनला लावा ह्याला!”

डायलिसिस सेंटरचा कॉम्प्युटर तोहिद सांभाळायचा. त्यानं स्क्रीन उघडली आणि डोकंच सणकलं. शुक्रवारी एआय एजंटनं दुबार नोंदी साफ केल्या होत्या. केरबा ज्ञानू चौगुले, दोनदा. गाव एक, मोबाइल एक, आजार एक. त्यातला एक मयत. म्हणून दोन्ही एकच माणूस समजून त्यानं दुसरा पुसला. मयत होता आजा, पुसला होता नातू, म्हणजे आबा. आजाचं नाव नातवाला, बापाचं नाव पणजोबाचं, इथं घराघरांत हेच. एजंटला ते कुठनं कळणार? म्हणूनच तर तोहिदनं कुलूप घातलं होतं. नोंदी वाच, पण पुसायच्या आधी माणसाला विचार. ते कुलूप काढलं कुणी?

त्यानं मॅनेजर सयाजीरावांना फोन लावला.

“अरं, सारखं विचारत हुतं ते. हे पुसू का, ते पुसू का. नुसती कटकट! देऊन टाकली परवानगी.”

“साहेब, जित्ता माणूस पुसलाय त्यानं.”

“बॅकअप आसंल की. आणि हे बघ, सर्व्हर बंद हुता म्हणून सांग त्यास्नी. बोभाटा नको.”

“न्हाय सांगणार.”

“नोकरी करायची हाय न्हवं तुला?”

“करायची हाय. म्हणून कुलूप परत घालतोय. काढायचं आसंल तर हितं या, त्या बाईच्या म्होरं काढा!”

त्यानं फोन ठेवला. एजंटचा पुसायचा अधिकार काढून घेतला आणि आत, आबाच्या मशीनपाशी गेला.

“आक्का, चूक आमची हाय. कॉम्प्युटरला नावं पुसायची मोकळीक दिली आमच्या माणसानं. कुणी बघितलंच न्हाय.”

“कॉम्प्युटरला?” धोंडुबाई गरजली. “आणि तुम्ही काय च्या ढोसत बसलाता व्हय रं, मुडद्यांनो?”

तोहिदनं ऐकून घेतलं. मग लॅपटॉप तिच्याजवळ ठेवला. बॅकअपमधला केरबा परत आला होता. पडद्यावर प्रश्न होता: ही व्यक्ती वेगळी आहे का? आता हे घरच्या माणसानं सांगायचं.

“नाव सांगा, आक्का.”

धोंडुबाईनं पोराकडं बघितलं. आबा नळ्यांच्या मागं डोळे मिटून पडला होता. सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून तिनं पोराला जन्मभर आबाच म्हटलं होतं. मधलं नाव नवऱ्याचं, ते तर उखाण्यानंतर कधी घेतलंच नव्हतं. तोहिदच्या ते ध्यानात आलं.

“ऱ्हाऊ द्या. मी वाचतो, तुम्ही नुसतं व्हय म्हणा.”

“नगं. तुमच्या भरवशावर एकदा बघितलं.”

तिनं पदर डोक्यावर घेतला. आवाज पार खाली आला होता.

“केरबा,” ती म्हणाली. “केरबा ज्ञानू चौगुले. जित्ता हाय. लिही.”