चेहरा खरवडलेला पत्रा

मी तांब्याचा पत्रा. लंडनच्या जोसाया थ्रेल या, छापायच्या चित्रांचे पत्रे कोरणाऱ्या खोदकाराच्या बाकावर मला खरा जन्म मिळाला. त्याआधी मी नुसताच चकचकीत होतो.

जोसायाने माझ्यावर एक नाचघर कोरलं. दारात मुखवटे चढवलेल्या बड्या लोकांची झुंबड, आणि सगळ्यांत पुढे साधूच्या झग्यात, बदकाच्या डोक्याची मूठ असलेली काठी बगलेत धरून, मुखवटा काढून घाम पुसणारे ढेरपोटे न्यायाधीश सर अँब्रोज. त्याच आठवड्यात त्यांनी बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या एका बाहुलीवालीला तुरुंगात धाडलं होतं. गुन्हा काय, तर मुखवटा घालून रस्त्यात नाचली! ती अजून आतच होती.

मला शाई लागली, यंत्राचा दाब बसला, चित्रं आमच्या दुकानाच्या काचेत झळकली. तिसऱ्या दिवशी न्यायाधीशांचा कारकून हजर.

"थ्रेल, तो चेहरा काढ. नाहीतर पत्रा भट्टीत जाईल आणि तू बाहुलीवालीच्या शेजारी."

"फक्त चेहराच ना?"

"चेहराच."

तो गेल्यावर जोसायाची बायको डॉर्कस कडाडली, "कच खाल्लीत ना शेवटी?"

जोसायाने मला खरवडलं, पडलेला खळगा वर यावा म्हणून पालथं घालून पाठीवर हातोडी मारली, पुन्हा घासलं. फार दुखलं. मग त्या गुळगुळीत जागी त्याने खोल रेघांनी मुखवटा कोरला. पोट तेच ठेवलं, बदकाच्या मुठीची काठीही तीच.

सकाळी नवं छापलेलं चित्र लागलं आणि काचेपाशी हशा पिकला.

"अगं बाई, हे तर आपले साहेब!" मासेवाली ओरडली. "तोंड झाकलं, पण पोट कुठं ठेवणार?"

कारकून धापा टाकत आला. "हे साहेबांचं चित्र आहे!"

"असं?" डॉर्कस कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "साहेब तिथं जातात होय? कोर्टात येऊन तसं सांगू देत त्यांना. लगेच उतरवते."

कारकुनाने गर्दीकडे पाहिलं, टोपी पुढे ओढली आणि चालू लागला. शनिवारी साहेबांनी बाहुलीवालीला गुपचूप सोडून दिलं.

आता माझ्या रेघा झिजल्यात. नाचघर पुसट उमटतं. मुखवटा मात्र अजून काळाभोर. मला वितळवून पातेली करायचा विचार कानावर आलाय. करू नका. बड्या लोकांचा तो मुखवट्याआडचा नाच अजून थांबलेला नाही.

शाई आणा.