उघडा शिंपला

आमच्या ह्यांना मेंदूचा झटका आला, तेव्हापासून त्यांची खाट माशांच्या टाकीसमोर आहे. हातपाय गेले, वाचा गेली, उरले डोळे. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. टाकीत मासे आता नाहीत, एक मोठा जिवंत शिंपला तेवढा आहे. त्याच्या फटीतून बाहेर डोकावणारी मांसाची निळी झालर बघत पडायचं, एवढंच सुख त्यांच्या वाट्याला उरलं. म्हणून शिंपल्याला काही होऊ द्यायचं नाही, असा मी चंगच बांधला होता. पूर्वी त्या टाकीला मी सवत म्हणायचे. आता सवतीचं पाणी बदला, सवतीचा दिवा लावा!

या आठवड्यात शिंपला एवढा उघडला, की मी हरखूनच गेले. "बघा, कसा आ वासून बसलाय तुमचा लाडका! माझ्या हाताला गुण आहे म्हटलं!" ह्यांचं घशातून नुसतं "ऊं, ऊं." मला वाटलं, कौतुक चाललंय. दिवसभर तेच. शेवटी वैतागले, "पुरे आता, किती ते लाड!"

आज टाकीवाला फिल्टर साफ करायला आला. त्याने दिव्याखालून हात आडवा नेला. शिंपल्यावर सावली पडली, पण तो हलला नाही.

"वहिनी, हा गेल्यात जमा आहे."

"काहीतरीच काय! चांगला उघडलाय की."

"धडधाकट असता तर सावली पडताच मिटला असता. याच्यात आता मिटायची ताकद नाही. झालर बघा, आत ओढली गेलीय, रंग उडालाय. आता काढायलाच हवा, नाहीतर पाणी नासेल."

टाकीवाला शिंपला बादलीत घालून घेऊन गेला. मी खाटेवर टेकले.

"अहो, तुम्हाला कळलं होतं?"

डोळे एकदा मिटले.

"मला तेच सांगत होता?"

पुन्हा एकदा.

मेलं माझं तोंड! दिवसभर टकळी चालू, पण साधं विचारायचं सुचलं नाही. रडू आवरेना.

मग त्यांची लाळ पुसली, उशी सारखी केली आणि रोजचा प्रश्न विचारला, "तुम्ही बरे होणार ना हो?" रोज ते डोळे एकदा मिटतात. त्याच्यावरच माझा दिवस निघतो.

आज त्यांनी डोळे उघडेच ठेवले. माझ्याकडे नुसते बघत राहिले.

मी पुन्हा विचारलं नाही.