बाहेरची कडी

सकाळची आवराआवर झाली की त्या घरातल्या दोघी जावा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कामाला बसत. थोरली मुद्रितशोधक होती. छापखान्यात तिला सगळे कानामात्राबाई म्हणत, कारण एक काना इकडचा तिकडे झाला तरी तिच्या नजरेतून सुटत नसे. नवरा गेल्यावर चार महिन्यांत तिने हे काम धरलं आणि कुणापुढे हात पसरला नाही. ती प्रूफ मोठ्याने वाचायची आणि धाकटी मूळ प्रतीवर बोट ठेवून शब्द न् शब्द जुळवायची.

सध्या कायद्याच्या शब्दांचा कोश छापायला आला होता. त्यातली लॅटिन वचनं वाचताना थोरलीची जीभ अडखळे. म्हणून ती भांडी विसळतानाही, कपडे वाळत घालतानाही तेच शब्द घोळवत राही.

"नॉन कॉम्पोस मेंटिस," तिने वाचलं. "म्हणजे ज्याचं मन ताळ्यावर नाही असा माणूस. कायद्यापुढे त्याची सही चालत नाही. त्याच्या वतीने पालक सही करतो."

"अगंबाई! मग आमच्या ह्यांची चहाच्या आधीची एकही सही चालायची नाही," धाकटी म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

दारात धाकटीचा नवरा उभा होता. तो हसला नाही. "पालक सही करतो होय?" एवढंच म्हणून तो निघून गेला.

त्याला ते घर विकायचं होतं. अर्धं घर थोरलीच्या नावावर होतं, आणि तिने स्पष्ट सांगितलं होतं, "भावजी, राहतं घर मी विकणार नाही. पुन्हा विचारू नका." त्यानेही पुन्हा विचारलं नाही. तो एकदम गोड वागायला लागला. धाकटीला त्याचं ओरडणं परवडलं असतं, हा गोडवा नको होता.

एका सकाळी त्याने शेजारणीला जिन्यात आणून उभं केलं. "ऐका, ऐका. आमच्या वहिनी एकट्याच कुठल्या भाषेत बोलतात ते." शेजारीण ऐकून चुकचुकली. "बाईमाणसाने इतकं वाचलं की असंच व्हायचं," असा निकालही देऊन गेली. लोकांना काय, आयतं निमित्त हवंच असतं!

पुढच्या आठवड्यात सुतार आला. थोरलीच्या खोलीच्या दाराला त्याने नवी लोखंडी कडी बसवली, तीही बाहेरून.

"ही कशाला?" धाकटीने विचारलं.

"उंदीर फार झालेत," नवरा म्हणाला. उंदीर काय दार उघडून येतात? पण त्या घरात तिला गप्प बसायची सवय होती.

मग ओळखीचे डॉक्टर आले. थोरलीने त्यांना आजचा वार सांगितला, तारीख सांगितली, वर चहाही करून दिला. तिला वाटलं, दिराचे स्नेही आहेत. जाताना डॉक्टरांनी धाकटीला बाजूला घेतलं.

"एकट्याच बोलतात का?"

"हो. पुटपुटतात."

"त्याचा अर्थ लागतो का काही?"

नवरा तिच्याकडे रोखून बघत होता. तिला प्रत्येक शब्दाचा अर्थ पाठ होता. ती काहीच बोलली नाही, आणि डॉक्टरांनी तिचं ते न बोलणं लिहून घेतलं. वहिनींना वेडं ठरवून आपल्याला त्यांचा पालक नेमावं, असा अर्ज नवरा न्यायालयात करणार होता; संध्याकाळी त्याने त्यासाठीचं प्रतिज्ञापत्र तिच्यापुढे ठेवलं. "इथे सही कर." तिने केली. दुसऱ्या दिवशी कडी लागली. छापखान्यात निरोप गेला की बाई आजारी आहेत.

पहिले दोन दिवस थोरलीने दार बडवलं, ओरडली. मग तिच्या लक्षात आलं, आपण जितकं ओरडू तितके साक्षीदार वाढतील. म्हणून तिने तोंड मिटलं. शहाण्या माणसाला वेडं ठरवायचं तर त्याला कोंडावं आणि त्याच्या ओरडण्याकडे बोट दाखवावं. ज्या बाईला घराबाहेर काढता येत नाही तिच्यावर चालवायची ही युक्ती फार जुनी आहे, आणि ती चालवणारे चारचौघांत सभ्य म्हणून वावरतात.

सुनावणीच्या दिवशी सकाळी धाकटी चहा घेऊन गेली. दार बोटभर किलकिलं झालं. नवरा मागेच उभा होता. सुनावणीचं बोलणं थोरलीने दाराआडून ऐकलेलं होतं.

"आज तुला विचारतील," थोरली आतून म्हणाली. "मी तुझ्यावर रागावलेली नाही. पण सांगशील ते सगळं सांग गं. अर्धं नको."

न्यायालयात पंखा करकरत होता. न्यायाधीशांनी कागद उलटले. "त्या बाई कुठे आहेत?"

"साहेब, त्यांना माणसांत आणण्यासारखं राहिलं नाही," नवरा हात जोडून म्हणाला. डॉक्टरांनी मान डोलावली. सगळं अगदी सुरळीत चाललं होतं. दहा मिनिटांत एक जितंजागतं माणूस कागदावरून पुसलं जाणार होतं, आणि पुसायला तिचीच सही होती.

"'अर्थहीन शब्द पुटपुटतात.' हे तुमचंच म्हणणं ना?" न्यायाधीशांनी तिला विचारलं.

"पुटपुटतात हे खरं आहे, साहेब," ती म्हणाली. "अर्थहीन हे खोटं आहे. सप्रेसिओ वेरी, सजेस्टिओ फॉल्सी. सत्य दडवणं म्हणजे असत्यच सुचवणं. मी दडवलं."

न्यायाधीशांनी झटकन मान वर केली. तिने पिशवीतून प्रुफाचं पान काढलं, थोरलीच्या लाल खुणांसकट. "ताई हेच म्हणत होत्या. कामासाठी पाठ करत होत्या. ह्याच पानावर आहे, ऑडी आल्टरम पार्टेम. दुसऱ्या बाजूचंही ऐकावं. ती दुसरी बाजू घरी आहे साहेब, आणि दाराला बाहेरून कडी आहे."

"साहेब, ऐकलंत ना?" नवरा ओरडला. "हिचंही डोकं फिरलं! एकीचं बघून दुसरीचं फिरलं!"

आपली पाळी इतक्या लवकर येईल असं धाकटीला वाटलं नव्हतं. पण येणार होती हे तिला त्या क्षणी पुरतं कळलं.

"एका घरातल्या दोन बायकांची डोकी फिरली म्हणता," न्यायाधीश सावकाश म्हणाले, "तर आधी ते घरच तपासलं पाहिजे. त्या बाईंना आत्ता इथे घेऊन या. शिपाई बरोबर जाईल."

शिपायाच्या देखत धाकटीने स्वतःच्या हाताने कडी काढली. थोरली पलंगाच्या कडेला बसली होती, केस नीट विंचरलेले. धाकटीला बघून तिने विचारलं, "सगळं सांगितलंस?"

"सगळं," धाकटी म्हणाली, आणि तिच्या गळ्यात पडून रडली.

त्या दिवशी न्यायाधीशांनी थोरलीचं ऐकून घेतलं आणि अर्ज फेटाळला. नवरा बायकोशी एक अक्षर बोलला नाही, पुढे काय करेल याचाही नेम नव्हता. तरी दुसऱ्या सकाळी धाकटीने पेचकस घेतला आणि कडी उखडून काढली. दाराच्या लाकडात चार भोकं राहिली. ती बुजवायला सुतार बोलावू म्हणून थोरली म्हणाली, पण धाकटीने बोलावू दिला नाही.

वाचकहो, आज घरी गेलात की तुमच्या घरातली दारंही एकदा बघून घ्या. आणि एखाद्या दाराला बाहेरून कडी दिसली, तर ती कुणासाठी लावली आहे हे विचारल्याशिवाय जेवायला बसू नका.