दोन हजार वर्षांपूर्वीचा टोमणा

वासुदेवराव वर्ध्याच्या हायस्कुलात इतिहास शिकवत. जगात खरी शहाणी माणसं दोनच झाली, असं त्यांचं मत होतं. एक, रोममधला तो जुना कवी, जो श्रीमंतांच्या ढोंगाची हसत हसत टर उडवायचा. दुसऱ्याचं नाव ते विनयानं घेत नसत.

१९५४ साली पवनारजवळच्या हिरालालजींनी भूदानात जमीन दिली. जमीन कसली, निव्वळ बरड! कुसळाशिवाय तिथं काही उगवत नव्हतं. ती आली गावातल्या भूमिहीन कवडूच्या वाट्याला. मग हिरालालजींनी आपला सत्कार आपणच ठरवला, मांडव आपणच घातला आणि भाषणासाठी वासुदेवरावांना आणायला बैलांची दमणी पाठवली.

"आज त्याची सालटंच काढतो," निघताना ते बायकोला म्हणाले.

"मग स्वयंपाक करू का?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"छे! जेवण तिकडंच आहे."

भाषण झकास रंगलं. "तो कवी आज असता तर म्हणाला असता," वासुदेवराव गरजले, "काही दाते असे, की स्वतःला नको ते देवाला देतात आणि वर हारही मागतात!"

मांडव हसला. सगळ्यात मोठ्यानं हिरालालजीच हसले. शेजारी बसलेल्या दुसऱ्या दात्याला, रूपरावांना, कोपरानं ढोसत म्हणाले, "तुमचंच वर्णन हाय, भाऊ!" रूपराव हिरालालजींकडे बोट दाखवून हसले. टोमणा मांडवभर फिरला, पण मुक्कामाला कुठंच थांबला नाही.

एवढ्यात मागून कवडू उठला. तो हसला नव्हता.

"गुरुजी, गोठ बराबर हाय. पन त्या मानसाचं नाव काऊन नाई सांगून राह्यले?"

वासुदेवरावांनी हिरालालजींकडे पाहिलं. वक्त्याला द्यायला बाजूला घडी करून ठेवलेली शाल पाहिली.

"कवडू, ही फार जुनी गोष्ट आहे. रोममधली. नावं आता कुणाला आठवणार?"

"बरं जी," म्हणून कवडू निघून गेला.

शाल मिळाली. जेवताना वासुदेवरावांची नजर कवडू गेला त्या वाटेकडे जात राहिली. तरी बासुंदी दोनदा घेतली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

परतताना दमणी बरडाजवळून निघाली. कवडू आणि त्याची बायको भागीरथा उन्हात लोखंडी सबलीनं दगड उकरत होते.

"राम राम, गुरुजी!" कवडूनं साधेच हात जोडले. आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच वासुदेवरावांना झोंबलं. उत्तराला त्यांच्याकडे आख्खा कवी होता, पण त्यांनी मांडीवरची शाल तेवढी सारखी केली.

"हाक जरा जोरात," ते गाडीवानाला म्हणाले.