बर्फातला घाम

माझा थोरला मुलगा इंद्रजीत माझ्याशी बोलताना आवाज चढवतो. पण दर रविवारी आमच्या शेजारच्या कमळूच्या ओटीवर पहिल्या ओळीत मांडी घालून बसायचा तेव्हा तोंडातून ब्र निघत नसे. इस्त्रीचा शर्ट, जोडलेले हात. कोणापुढे? तर कॉम्प्युटरपुढे.

सन दोन हजार सातचा उन्हाळा. रविवारी दहा वाजता कमळूच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नसायची. टेबलावर पडदा, पडद्याला झेंडूचा हार, वर बेडकाच्या डोळ्यासारखा कॅमेरा. पडद्यात बर्फाचे डोंगर आणि पुढे भगवी शाल पांघरलेले बाबा.

"हिमालयातून थेट," कमळू सांगायचा. "आत्ता, या घडीला."

लोक पाण्याच्या बाटल्या कॅमेऱ्यापुढे धरायचे. बाटलीत म्हणे ऊर्जा उतरायची.

"ती कोपऱ्यातली हिरव्या लुगड्याची माऊली," बाबा पडद्यातून बोलले, "गुडघा धरतोय ना?"

बाईजा रडायलाच लागली. "दिसले गो मी. एवढ्या लांबनं दिसले."

तिचा गुडघा धरतो हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

मग इंद्रजीतने माझ्या नातीला, पल्लवीला पुढे बसवलं. आठ वर्षांची पोर, तिला फिट येते. शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं, एकही चुकवायची नाही. दोन वर्षं पोर खणखणीत होती.

बाबा म्हणाले, "बाळाच्या मेंदूत रसायन साचलंय. गोळ्या बंद. रोज कॅमेऱ्याचं पाणी. शक्ती डोळ्यातून डोळ्यात उतरेल."

इंद्रजीत घरी आला आणि गोळ्यांची पाकिटं चुलीत टाकली.

"तुझ्या आज्याने छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले," मी म्हटलं. "तू कॉम्प्युटरची पूजा मांडलीस व्हय?"

"आये, हे विज्ञान आहे. तुला नाय कळायचं."

नवव्या दिवशी पल्लवी चुलीपाशी बसली असताना फिट येऊन पडली. उजवा हात निखाऱ्यात. हात बांधून दवाखान्यातून आणली. डॉक्टरीणबाईंनी नव्या गोळ्या हातात दिल्या, तर इंद्रजीत म्हणतो, "बाबांना विचारल्याशिवाय द्यायच्या नाय. पाणी कमी पडलं असेल."

त्या रविवारी मी पहिल्यांदा पुढे बसले आणि पडदा नीट बघितला. बाबांच्या कपाळावरून घाम गळत होता. मागे एवढा बर्फ, आणि माणूस आमच्यासारखा उकडून निघालेला. बाबांनी हुकूम दिला, आणखी आठ दिवस पाणीच. इंद्रजीतने मान डोलावली. मी गोळ्या कनवटीला लावल्या आणि पोरीला चोरून देत राहिले. चोरून, माझ्याच घरात.

कमळूच्या मागच्या पडवीचं दार रविवारी कायम आतून बंद असायचं. त्या पडवीला लागून माझी भाताचं रोप करायची जागा. पावसाआधी तिच्यावर शेण, पाला, गवत रचून आम्ही ते जाळतो, त्याला राब म्हणतात. वारा कोणाच्या घराकडे असला तर राब कोणी पेटवत नाही. पुढच्या रविवारी मी वारा बघून पेटवला, धूर सरळ कमळूच्या पडवीकडे. सून रत्नप्रभा ओल्या डहाळ्या आणि पाण्याच्या घागरी घेऊन राखणीला उभी राहिली. मी ओटीवर जाऊन बसले.

थोड्या वेळाने हिमालयावर धूर चढला. बाबांचे डोळे लाल झाले. मग ठसका लागला. एकदा कॉम्प्युटरमधून ऐकू आला, एकदा भिंतीतून.

"हिमालयातलं धुकं हाय," कमळू म्हणाला.

"धुक्याला शेणाचा वास कधीपासून येतो रे कमळ्या?"

तेवढ्यात पडवीचं दार धाडकन उघडलं आणि बाबा खोकत अंगणात आले. लोक मागे धावले. आत चादरीवर रंगवलेले डोंगर, टेबलफॅन, दुसरा कॉम्प्युटर, त्याच्यावर तसलाच कॅमेरा. भिंतीला भोक, भोकातून वायर. ओटीवरच्या कॅमेऱ्यातून बाबाला आम्ही दिसायचो, पडवीतल्या कॅमेऱ्यातून आम्हांला बाबा. मधे एक भिंत, बस. दुखणी कमळू आधी सांगून ठेवायचा. त्या घरात फोनची तारसुद्धा नव्हती, पण हिमालय कुठून येतो हे कोणी विचारलं नाही. बाबा कल्याणकडचा, लग्नात माईकवर पाहुण्यांची नावं पुकारणारा.

एवढं बघून बाईजा मलाच म्हणाली, "गोजा, तपश्चर्या मोडलीस गो त्यांची."

इंद्रजीत खाली मान घालून घरी आला. "आये, मला फसवलं त्यांनी."

मी पल्लवीचा हात त्याच्यापुढे धरला. तीन बोटं वळत नव्हती, आजही वळत नाहीत.

"फसवलं बाईजाला," मी म्हटलं. "तिला सांगणारं कोणी नव्हतं. तुला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मी सांगितलं, पोर निखाऱ्यात पडली तिनेही सांगितलं. तू पडद्याचं ऐकलंस. कोणी काही बोललं की उठायचं, मागे जाऊन बघायचं, विचारायचं. त्याला शाळा लागत नाय. तुला ते करायचं नसेल तर नको करूस. पण पोरीच्या तोंडातली गोळी काढायचा हक्क तुझा आज संपला."