कवठाळीवरून एक फेरी

मित्रांनो, ठोकणं जरा थांबवा आणि ऐका. मी एक जुनी मोटरबोट आहे. धरणाच्या बंगल्यामागे, बाभळीखाली, पालथी पडलेली. तुम्ही दुपारी येऊन माझ्या पाठीवर दगडांनी ढोल बडवता, तो ढोल नव्हे, मी आहे. तुमची मौज चालते, पण माझ्या काळजात धस्स होतं. ठोकण्याचा आवाज मला सोसत नाही. तो का सोसत नाही, ते आज सांगून टाकते.

माझा जन्म समुद्राकाठचा. सागवानी फळ्या, पितळी खिळे, सांध्यांत कापूस आणि डांबर. मला घडवणारा सुतार हाताचा मोठा सफाईदार होता, पण घाईचा माणूस. बाकीच्या होड्यांच्या कपाळी छान छान नावं लिहिली जायची. माझ्या वेळी रंग संपला होता की त्याचा धीर संपला होता, कोण जाणे. तेवढ्यात मालगाडीचा डबा लागला, आणि मी बिननावाचीच मलकापूरला उतरले. स्टेशनवर कापसाच्या गाठींमध्ये मला ठेवलं, तेव्हा हमाल माझ्याभोवती गोळा झाले. “हे काय होय बे? घोड्याले पाणी पाजाची डोणी हाय का?” एकाने विचारलं. मला अस्सा राग आला! समुद्राची लेक मी, आणि म्हणे डोणी!

तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं आणि इकडे धरणाची भिंत उठत होती. साहेब लोक माझ्यात बसून पाण्याची खोली मोजायचे. किती भार घेतला की मी किती बुडते, हे कळावं म्हणून त्यांनी माझ्या कुशीवर एक पांढरी रेघ ओढली. ती रेघ लक्षात ठेवा. पुढे तिचंच काम आहे.

भिंतीच्या आतल्या बाजूला कवठाळी नावाचं गाव होतं. पाणी चढू लागलं तशी माणसं वर माळावर, नव्या वस्तीत निघाली. मी काठाला बांधलेली असायची, म्हणून सगळं पाहिलं. बैलगाड्यांवर कणग्या चढल्या, दळायची जाती चढली, दारांच्या चौकटीसुद्धा उपटून नेल्या. आणि प्रत्येक घर सोडताना त्या लोकांचा एक रिवाज होता. घरातलं माणूस उंबऱ्यावर उभं राहायचं, त्या घरात जी माणसं मेली असतील त्यांना एकेकाला नाव घेऊन हाक मारायचं. “सखाराम आबा, चला. मनकर्णाबाई, चला. आपुन निंघालो.” मग दार उघडं टाकून निघायचं, मागे न बघता. मला तेव्हा हसू यायचं. मेलेल्यांना कसली हाक! मी शहाणी, समुद्राकाठची.

पुढे साहेबांचं काम आटोपलं आणि मला एका ठेकेदाराने घेतलं. त्याने माझ्या मागे नवं इंजिन लावलं, दोरी ओढली की फटफट सुरू होणारं, आणि ती पांढरी रेघ तेवढी ठेवून मला लाल रंग दिला. झालं! रविवार आला की बुलढाण्याहून, मलकापुरातून माणसं धरण बघायला यायची आणि माझ्यासाठी रांग लावायची. भाडं देऊन एक फेरी. काठापासून निघायचं, पाण्यात तरंगणाऱ्या लाल पिंपाला वळसा घालायचा आणि परत. तेवढ्यात पदर उडायचे, टोप्या भिजायच्या, मोठमोठे मिशीवाले पुरुषही बायकांसारखे किंचाळायचे. मला सगळे पाण्यावरची फटफटी म्हणत. काय तो थाट होता माझा! उतरताना माणसं माझ्या कुशीवर थाप मारून म्हणायची, “लय भारी पळते बाप्पा!” त्या दिवसांची आठवण आली की या पालथ्या अंगातसुद्धा हुरूप येतो.

मला चालवायचा फारुख. देऊळघाटचा, पंपाच्या इंजिनांची दुरुस्ती करणारा, हसतमुख माणूस. त्याचा एकच नेम होता, पिंपाच्या पलीकडे जायचं नाही. कारण त्याने कुणाला सांगितलं नाही, पण मला ठाऊक होतं.

एकदा वाऱ्याने आम्ही पिंप ओलांडून बुडालेल्या कवठाळीवर गेलो होतो. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. फारुख दोरी ओढत होता. वारा पडला होता, पाणी काचेसारखं शांत. आणि माझ्या तळाला, खालून, कुणीतरी ठोकलं.

ठक, ठक. दारावर ठोकतात तसं. थांबून पुन्हा, ठक, ठक.

ओंडका असेल म्हणून फारुखने वल्हं खाली घातलं. वल्हं पूर्ण आत गेलं, कशालाच लागलं नाही. मग दुसरा आवाज आला. हलका, खालच्या बाजूला, चिमण्या मुठीने केल्यासारखा. टुक.  फारुखने अल्लाचं नाव घेतलं आणि वल्ह्यानेच मला काठाला आणलं. तेव्हापासून पिंपाच्या पलीकडे फेरी नाही. आणि मित्रांनो, तेव्हापासून मला हसू येणंही बंद झालं.

एका रविवारी दिवस कलायला आल्यावर, गर्दी पांगली तेव्हा, तिघं जण आले. हिंमतराव नावाचा तरणा शेतकरी, त्याची बायको आशाबाई, आणि त्याची आई रुखमाबाई. हिंमतरावला वाटत होतं की आपण आईला मौज दाखवायला आणलंय. नव्या वस्तीत आल्यापासून म्हातारी जेवत नव्हती, घरात पाठ टेकत नव्हती, दिवे लागले की ओसरीवर जाऊन बसत होती. हवापालट होईल, एवढाच त्याचा हिशेब. रुखमाबाई मात्र काठावरूनच फारुखला म्हणाली, “बाबू, मले तिकडं ने. कवठाळीवर.”

“तिकडं नाही जात मावशी,” फारुख म्हणाला. “मशीन बंद पडते.”

“पडू दे. मले तिथंच थांबाचं हाय.”

“माय, काऊन हट्ट करून राह्यली?” हिंमतराव वैतागला. “काय हाय आता तिथं? पानी हाय नुसतं!”

रुखमाबाईने कमरेची चंची सोडली आणि त्यातून एक लोखंडी किल्ली काढली.  “तुहा बाप हाय तिथं,” ती म्हणाली. “मी त्याईले कोंडून आली.”

मग तिने सांगितलं ते ऐकून मीसुद्धा डोलायची थांबले. घर सोडलं त्या दिवशी हिंमतराव गाडी घेऊन पुढे गेला होता. मागे ती एकटी. तिचा नवरा आदल्या साली तापाने त्याच घरात गेलेला. उंबऱ्यावर उभी राहून त्याला नावाने हाक मारायची होती. पण नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. शेजारपाजारच्या बायका बघत होत्या. तिची जीभ उचलली नाही, लाज वाटली. आणि गडबडीत, रोज शेतात जाताना लावायची तसं, तिने दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचून निघून आली.

“नव्या घरी रोज सांजेले दार वाजते. उघडलं तं कोनी नसते. मले समजते नं, कोन वाजवते, अन् कोन्तं दार वाजवते ते.”  मग अगदी हळू म्हणाली, “अन् ते एकटे नाहीत. पोरगी बी हाय.”

हिंमतरावच्या पाठची ती मुलगी. बारशाच्या आधीच गेली. अंगणातल्या शेवग्याखाली पुरलेली. तिचं नावच ठेवलं नव्हतं, तर तिला हाक कोण आणि कशी मारणार? बापाला बोलावलं असतं तर बापाने तिला उचलून आणलं असतं. आता दोघंही खाली, कुलपाआड.

 आशाबाईने सासूचा हात धरून तिला माझ्यात बसवलं. आणि ज्या फारुखने नेम केला होता, त्यानेच खाली मान घालून दोरी ओढली.

पिंप मागे पडलं. पाण्याचा रंग बदलला, काळसर झाला. आणि ठरल्यासारखं इंजिन खोकून बंद पडलं. वारा नाही, पाखरू नाही. एवढ्या मोठ्या पाण्यावर आम्हीच तेवढे. मी वाट बघत होते. तुम्हाला म्हणून सांगते, मी भ्याले होते.

ठक, ठक.

या वेळी सगळ्यांनी ऐकलं. आशाबाईने तोंडावर पदर दाबला. हिंमतराव, जो मघाशी वैतागला होता, तो माझी कड धरून बसला. आणि मागोमाग ते चिमणं, टुक.

रुखमाबाईने वाकून किल्ली पाण्यात सोडली. ती फिरत फिरत खाली गेली, दिसेनाशी झाली.  वाटलं, झालं, सुटलं.

ठक, ठक, ठक. आता जोरात. माझ्या फळ्या हादरल्या, सांध्यांतून पाणी झिरपायला लागलं.

“माय, मी मारू का हाक?” हिंमतरावचा आवाज रडवेला झाला. त्याने मारलीही. “बाबा! ओ बाबा!” पण बाबा तर कुणीही कुणाला म्हणतं. खालचं ठोकणं थांबलं नाही. पाणी आशाबाईच्या पावलांपर्यंत आलं. फारुख डबड्याने उपसायला लागला आणि ओरडला, “मावशी, घ्या नं नाव! आपलं मानूस हाय, त्याले कायची लाज?”

रुखमाबाई उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला. उखाण्याची सुरुवात तिच्या ओठांवर आली आणि तिथेच अडकली. लग्नातला, हळदीकुंकवाचा तो उखाणा इथे काय कामाचा! तिने डोळे मिटले आणि साऱ्या धरणाला ऐकू जाईल अशी हाक मारली.

“शेषराव!”

आवाज भिंतीवर आपटून परत आला. तिचे डोळे वाहायला लागले, पण जीभ आता मोकळी झाली होती.

“अवो शेषराव! मी आली घ्यायले. दार उघडं हाय आता. चला! अन् शेवग्याखालून पोरीले उचला. नीट धरा, मान सांभाळा तिची. चला!”

ठोकणं थांबलं.

मित्रांनो, मला माणसाच्या वजनाची पारख आहे. जन्मभर तेच केलं मी. माझ्यात तेव्हा चौघं होती आणि माझी पांढरी रेघ पाण्याच्या वर होती. त्या क्षणी कुणी चढताना दिसलं नाही, पाणी हललंसुद्धा नाही. पण मी एका बाजूला कलले, सावरले, आणि माझी रेघ पाण्याखाली गेली. पुढची फळी रिकामी होती. तिच्यावर ओल पसरत गेली, ओल्या धोतराने कुणी टेकावं तशी.

रुखमाबाई त्या फळीकडे बघून जरा सरकली. जागा करून दिली तिने. आणि पदर आणखी पुढे ओढला.

फारुखने दोरी ओढली, इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. मी जड जड चालले. “वजन वाढलं काऊन बाप्पा,” तो पुटपुटला, मग त्याने जीभ चावली आणि काठ येईपर्यंत तोंड उघडलं नाही. हिंमतराव त्या ओल्या फळीकडे बघत हुंदके देत होता. आशाबाईने खालून ओंजळभर पाणी घेऊन नमस्कार केला.

काठाला लागलो. रुखमाबाई उठली, पण उतरली नाही. बाजूला होऊन उभी राहिली, घरात पुरुषमाणूस आधी पुढे जातो तशी वाट देऊन. मी हलकी झाले. मग ती वाकली, दोन्ही हात पुढे करून काहीतरी घेतलं, खांद्याशी लावलं, मान सांभाळली. तेव्हा मी आणखी जराशी वर आले. इतकीशी, मूठभर. मग ती उतरली आणि माळाच्या दिशेने चालू लागली. चालताना ती हळूहळू थोपटत होती. हिंमतराव आणि आशाबाई मागून गेले.

पुढे हिंमतरावने फारुखला सांगितलं की त्या सांजेला म्हातारी पोटभर जेवली आणि घरात झोपली. वस्तीतल्या कुणाकुणाचं असंच काही राहिलं होतं. तेही येऊन गेले. फारुखने त्यांच्याकडून कधी भाडं मागितलं नाही. हळूहळू कवठाळीवरचं पाणी गप्प झालं.

आणि मग माझेही दिवस फिरले. इंजिन थकलं. फारुख देऊळघाटला आपल्या पंपांकडे गेला. ठेकेदाराने मला उलटी करून इथे टाकलं आणि पुन्हा फिरकला नाही. रंगाची सालं निघाली, सांध्यांतला कापूस चिमण्यांनी नेला, पांढरी रेघ तेवढी अजून पुसट दिसते. मला राग नाही. इतक्यांना पाण्यावरून फिरवलं, काठाला आणलं, त्यातच मी भरून पावले.

पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. घर सोडून जाताना कुणालाही मागे ठेवू नका, मित्रांनो. लाज धरू नका, घाई करू नका, नाव घ्या आणि सोबत न्या. आणि एक दिवस कुणीतरी येईल, मला सरपणासाठी फोडून नेईल. त्या आधी तुमच्यापैकी कुणी मला एखादं नाव ठेवा. साधंसं चालेल. सुताराने द्यायचं राहिलं ते तुम्ही द्या. माझ्या फळ्या गाडीवर चढतील तेव्हा त्या नावाने मला मोठ्याने हाक मारा आणि म्हणा, “चल.”

नाहीतर त्या दिवसानंतर, तुम्ही या बाभळीखाली खेळत असाल, हातात कुणाच्याच दगड नसेल, आणि तरी तुम्हाला जमिनीखालून ऐकू येईल. ठक, ठक. ती मी असेन.