जेरुसलेमची बी

बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, रूबेन किहिमकरनं २००१ साली फिनिक्सजवळच्या चँडलर गावातल्या आपल्या घरामागे खजुराची एक बी लावली. शिमशोनमामांनी ती खास जेरुसलेमहून आणली होती. पूर्वजांच्या भूमीशी आपलं नातं आता हेच, असं मानून रूबेन दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, रोपाशी हिब्रूत बोलायचा. रोपाच्या कानावर इंग्रजी पडू नये म्हणून शेजाऱ्यांशी गप्पा पुढच्या अंगणात मारायचा. झाड सोडवेना म्हणून त्यानं दूरच्या प्लेनो शहरातली बढतीही नाकारली.

सात वर्षांनी त्या झाडाच्याच झावळ्यांची टोपली विणून रूबेननं तिच्यात एलियाहू हनबी या संदेष्ट्याच्या नावानं करायच्या मलिद्याचे गोड पोहे भरले.

"सुरेख विणलीस रे!" मलिद्याला आलेले मामा म्हणाले. "आता सांगून टाकतो. खरी बी एअरपोर्टवर कस्टमवाल्यांनी काढून घेतली. ही फिनिक्सच्या दुकानातल्या खजुराची."

"मामा, सात वर्षं!"

"तू इतका खूश होतास, सांगणार कसं? चल, मलिदा वाढ."

रूबेननं मलिदा वाढला. मग त्याची नजर दाराच्या चौकटीवर गेली. तिथं ठोकलेली प्रार्थनेची डबी, मेझुझा, हीदेखील मामांनीच जेरुसलेमहून आणली होती. आत प्रार्थना आहे की वॉरंटी कार्ड, हे उघडून बघायचा त्याला धीर झाला नाही.